खंडेनवमीचं हँडबिल

मला पहिली नोकरी मिळाली ती गुळामुळे. मॅट्रिकचे मार्क, घरची परिस्थिती, हस्ताक्षर, कशाचीही चौकशी झाली नाही. श्रीरामपुरातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायला माणूस हवा आहे असं कानावर आलं, म्हणून मी बेलापूरहून टांग्यात बसून गेले. खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं. ती एकेक उचलून ओळी लावायच्या, एवढी माहिती मी घेऊन ठेवली होती. मालक स्टुलावर बसले होते. जिभेवर गुळाचा खडा होता आणि डोळे मिटलेले होते. मी आल्याचं कळूनही त्यांनी तो खडा पूर्ण विरघळू दिला.

"कुठली?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

"बेलापूरची."

"घरात कुणाचं गुऱ्हाळ आहे?"

"मामाचं आहे."

आता डोळे उघडले. "गूळ कडक होतो की चिकट?"

"कडक होतो. फोडायला बत्ता लागतो."

"उद्यापासून ये. येताना एक ढेप आण."

हा माणूस छापखाना चालवतो की किराणा दुकान, हे मला कळेना. दुसऱ्या दिवशी कळलं. अक्षरांना शाई लावायचे रूळ त्या काळी सरस, म्हणजे हाडाकातड्याचा डिंक, आणि गूळ एकत्र शिजवून घरीच ओतायचे. पुण्या-मुंबईकडे रबराचे रूळ आले होते, पण आमचे काका रबर शिवायला तयार नव्हते. हो, मी त्यांना काका म्हणायची आणि त्यांच्या बायकोला काकू. रबराच्या रुळाला जीभ लावून परीक्षा करता येत नाही, असं काकांचं म्हणणं होतं. ते खरंही होतं. मात्र जगात दुसऱ्या कुणाला रूळ चाटावासा वाटत असेल असं मला वाटत नाही.

रूळ शिजवायचा दिवस म्हणजे गल्लीला शिक्षाच होती. मागच्या अंगणात चूल पेटायची आणि सरसाचा वास सुटायचा. शेजारीपाजारी खिडक्या लावून घ्यायचे. काका पंचा गुंडाळून ते रटरटणारं मिश्रण ढवळायचे आणि मधूनमधून म्हणायचे, "अजून एक उकळी." आमचे मशीनमन योहानमामा सोनईकडचे. ते ख्रिस्ती होते. दर रविवारी चर्चमध्ये गाणं म्हणायचे आणि सोमवारी त्याच चालीवर मशीन चालवायचे. ते राखणीला बसल्यासारखे गुळाशेजारी बसायचे. त्यामुळे रुळात जाणारा गूळ नेहमी मोजल्यापेक्षा कमी भरायचा आणि रूळ मऊ पडायचे. उन्हाळ्यात तर ते घामेजून लोंबायला लागायचे. मुंगळे, उंदीर आणि एकदा शेजारची शेळीही त्यांच्यावर ताव मारून गेली. काका शेळीवर चिडले नाहीत. त्यांनी तिच्या मालकिणीला एवढंच विचारलं, "पचला का?"

काकांच्या मते जगातल्या सगळ्या कामांचं मूळ एकच होतं. काहीही नवीन बघितलं की ते विचारायचे, "कशानं दाबतात?" इस्त्रीवाल्याच्या दुकानापुढे ते थांबायचे, कारण ती छपाईच होती, फक्त शाई लावायची राहिली होती. पोस्टात टपालावर दणादण शिक्के मारणाऱ्या माणसाकडे ते देवदर्शन घ्यावं तसे बघत उभे राहायचे. डॉक्टरांनी त्यांचं पोट दाबून "दुखतं का?" विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "दाब सगळीकडे सारखा पडत नाहीये. डावीकडे कमी आहे." डॉक्टरांनी पुन्हा दाबलं. काका म्हणाले, "आता ठीक." डॉक्टरांना वाटलं, पोट बरं झालं.

या माणसाकडे लग्नपत्रिका छापायला येणं ही सोपी गोष्ट नव्हती. गिऱ्हाईक बाकावर टेकलं की काका छपाईच्या यंत्रांचा इतिहास सुरू करायचे, आणि तो अर्ध्यावरून सुरू करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. शेजारच्या खंडाळा गावचा एक शेतकरी मला चांगला आठवतो. बिचारा मुलीच्या लग्नाच्या पत्रिका सांगायला आला होता.

"बसा," काका म्हणाले. "पहिल्यांदा माणसानं चिखलात पाय ठेवला. तो उमटला. ती पहिली छपाई."

"व्हय," शेतकरी म्हणाला. "पर पत्रिका कवा मिळत्याल?"

"मग मुद्रा आली. राजाची. मग लाकडाचे ठोकळे आले. पूर्वेकडच्या देशांत ठोकळ्यावर कागद ठेवून नुसता ब्रशनं घासायचे. यंत्रच नाही."

"काका, लगीन सोमवारी हाय."

"तेच सांगतोय. आत्ता आपण ठोकळ्यांपर्यंत आलोय. पुढे युरोपात द्राक्षं पिळायचा दाबा होता. एका माणसाच्या डोक्यात आलं, द्राक्षांच्या जागी कागद ठेवून बघू."

शेतकऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी हळूच विचारलं, "नवरामुलगा कुठला?" आणि मजकूर लिहून घ्यायला लागले. काका लाकडी दाब्यावरून लोखंडी हँडप्रेसवर, तिथून पायानं चालवायच्या ट्रेडलवर, मग वाफेवर आणि मग विजेवर येईपर्यंत पत्रिका जुळून व्हायची. आमचं हे असंच चालायचं. त्यांनी इतिहास सांगायचा आणि मी कामं घ्यायची.

या इतिहासातून त्यांनी एक सिद्धांतही काढला होता. छपाईची प्रगती म्हणजे माणसाचं बसणं वाढत जाणं. आधी उभं राहून हातानं दांडा ओढायचा, मग पायानं हलवायचं, मग खुर्चीत बसून बटण दाबायचं. "शेवटी," ते बोट वर करून म्हणायचे, "यंत्र छापेल आणि माणूस झोपेल."

आतून काकूंचा आवाज यायचा, "काही जणांनी सुरुवात शेवटापासून केलीय."

काकू अंगानं भरलेल्या होत्या, आवाजानं त्याहून भरलेल्या. छापखाना पुढच्या खोलीत आणि स्वयंपाकघर मागच्या, मध्ये एक दार. ते दार कधी बंद नसायचं. कागद कुठून आणायचा, कोणाला उधार द्यायचं नाही, योहानमामांना किती वेळा चहा द्यायचा, हे सगळं त्या दारातून ठरायचं.

आमच्याकडे छपाईची यंत्रं दोन. एक ट्रेडल. ते दिवसभर धडधडायचं आणि छापखान्याचं सगळं काम ओढायचं. त्याला काका सूनबाई म्हणायचे. दुसरा कोपऱ्यातला जुना लोखंडी हँडप्रेस. काकांच्या वडिलांनी तो कुठल्याशा लिलावात घेतला आणि नगरहून बैलगाडीत घालून आणला. वाटेत गाडीचा आस मोडला होता म्हणे. त्याचा दांडा हातानं ओढायचा. त्यावर कधीमधी प्रूफ काढायचं, एरवी योहानमामा त्या दांड्याला टोपी अडकवायचे आणि मी डबा ठेवायची. काका त्याला आजोबा म्हणायचे. नुसतं म्हणून थांबायचे नाहीत. पितृपक्षात आजोबांपुढे खिरीची वाटी ठेवायचे.

"अहो, ते लोखंड आहे," काकू म्हणायच्या.

"माझ्या वडिलांच्या आधीपासून छापतंय. मग ते कोण झालं?"



मी लागल्यानंतरच्या वर्षी काकूंनी पुण्याहून एक जुनं सिलिंडर मशीन ठरवलं. विजेच्या मोटरवर चालणारं. त्याला काकांनी न बघताच जावई म्हणायला सुरुवात केली, कारण ते पुण्याचं होतं, त्याला भरपूर जागा हवी होती आणि ते येण्याआधीच घरात भांडणं सुरू झाली होती. जागा तर नव्हतीच. तीन यंत्रं त्या खोलीत मावत नव्हती. काकूंनी सरळ भंगारवाल्याला गाठलं आणि दसऱ्यानंतर दोन दिवसांनी हँडप्रेस न्यायला या म्हणून सांगून आल्या.

काका दोन दिवस जेवले नाहीत. म्हणजे काकूंसमोर जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चालतं यंत्र कुणी भंगारात देत नाही."

"चालतंय कुठे? टोपी अडकवायला खुंटी लागते तेवढंच."

"चालतंय."

"मग चालवून दाखवा. गिऱ्हाईकाचं एक काम, अख्खं, पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच्यावर छापा. प्रूफ नव्हे. छापलंत तर राहील. घरात जे चालेल ते राहील."

"कबूल," काका म्हणाले. "चालेल ते राहील."

बोलणं योहानमामांच्या आणि माझ्यासमोर झालं, त्यामुळे फिरवायला वाव नव्हता. पण कामं येत राहिली, सूनबाई ती करत राहिली आणि आजोबांच्या वाट्याला काहीच येईना. काका उगाच त्याला तेल घालत राहायचे. मला त्या लोखंडाबद्दल ममता नव्हती. पण काकांचा चेहरा बघून डबा दुसरीकडे ठेवायला लागले.

खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची नि यंत्रांची पूजा. धुवायचं, पुसायचं, हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि मग दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही. अख्ख्या गावात हाच रिवाज. आम्ही सकाळीच ट्रेडल धुऊन हार घातला. माझी जुळणीची पट्टी, पान्हे, हातोडी, कात्री, कागद कापायचं यंत्र, सगळं ओळीनं मांडून कुंकू लावलं. योहानमामा बाकावर पाय वर घेऊन बसले. "मशीनला सुट्टी तर मलाबी सुट्टी," ते म्हणाले. "मी काय तिच्यापेक्षा कमी काम करतो व्हय?"

एवढ्यात एक माणूस सायकल दारात आपटून आत आला. घामाघूम झाला होता. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, स्टेशन रोडला त्याच्या सायकल दुकानाचं उद्घाटन होतं आणि आजच्याच संध्याकाळच्या बाजारात वाटायला त्याला हँडबिलं हवी होती. इतक्या उशिरा का, तर दुकानाचं शटर कालच बसलं. तोवर दुकान होईल असं त्याचं त्यालाच खरं वाटत नव्हतं.

"सगळे छापखाने फिरलो," तो म्हणाला. "समदे म्हणत्यात, मशीन पूजेला लावलंय. काका, लई हाल झालं बगा. एवढं करा. मानूसच न्हाई आलं तर हार कुनाच्या गळ्यात घालू?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात काका उभे राहिले. त्यांची नजर कोपऱ्यात गेली. मीही बघितलं. आजोबांच्या गळ्यात हार नव्हता.

"त्यांची पूजा केली नाहीत?" मी विचारलं.

"खंडेनवमी यंत्रांची," काका सावकाश म्हणाले. "आजोबांचं पितृपक्षात झालं. त्यांना आज सुट्टी नाही."

गावात त्या दिवशी हे एकच यंत्र चालायला मोकळं होतं. स्वयंपाकघराच्या दारात काकू डाळीचं ताट घेऊन उभ्या होत्या. पुरणाची तयारी चालली होती. "अख्खं काम," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून शेवटपर्यंत." आणि आत गेल्या.

"खिळे?" मी विचारलं. "तेही पूजेत ना?"

"अक्षरं सरस्वतीची. त्यांची पूजा उद्या, पाटीवर. सुट्टी उद्या."

जुळणीची पट्टी मात्र पूजेत होती. मी काकूंचं डाळ निवडायचं दुसरं ताट मागून घेतलं आणि खिळे थेट त्यात रचले. सुरेख काम झालं असं म्हणणार नाही. पण "भव्य उद्घाटन" जुळलं, दुकानाचा पत्ता जुळला आणि "पहिल्या दिवशी हवा मोफत" हेही जुळलं. मग ओळी ताटातून लोखंडी चौकटीत सरकवून घट्ट बसवल्या. सायकलवाला माझ्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाला, "ताई, उलटं दिसतंय."

"छापलं की सुलटं होतं."

"नक्की ना?"

"मामा, याला बाहेर बसवा," मी म्हणाले.

मग हँडप्रेसचा रूळ काढायला काका फळीकडे गेले आणि तिथेच थांबले. रुळाची नुसती लाकडी काठी शिल्लक होती. तिच्यावर मुंगळ्यांची रांग लागली होती. आजोबांसाठी ठेवलेली खीर खायला ते आले आणि शेजारीच गुळाचा रूळ बघून मुक्कामाला राहिले.

"आता ट्रेडलचे रूळ घ्या," योहानमामा म्हणाले.

"त्यांना कुंकू लागलंय."

काकांनी ती काठी उचलून मुंगळे झटकले. मग त्यांचा चेहरा उजळला. मला तो चेहरा ओळखीचा होता. इतिहास सुरू होणार होता.

"रूळ फार नंतर आला," ते म्हणाले. "त्याआधी चामड्याचा गोळा असायचा. आत लोकर भरलेली. तो शाईत बुडवून अक्षरांवर थोपटायचे. कातडं हवं. मऊ, आत भरलेलं."

सगळ्यांच्या आधी मला दिसलं. सायकलची सीट.

"अहो, ती नवी हाय!" सायकलवाला ओरडला.

"दुकान सायकलचंच काढताय ना?" मी म्हणाले. "दुसरी बसवा."

पण सीट काढायला पान्हा लागतो, आणि पान्ह्याला झेंडूचं फूल वाहिलेलं. तेव्हा योहानमामांनी आणि सायकलवाल्यानं दोन्ही चाकं धरून अख्खी सायकलच उलटी उचलली, सीट शाई पसरायच्या दगडी पाट्यावर टेकवली आणि तशीच तरंगत आणून अक्षरांवर थोपटली. पॅडल गरकन फिरलं आणि योहानमामांच्या हनुवटीवर बसलं. चेनचं तेल सायकलवाल्याच्या सदऱ्यावर सांडलं. मामांनी त्यांच्या आयुष्यात चर्चबाहेर उच्चारलेला सगळ्यात मोठा शब्द उच्चारला, सायकल खाली ठेवली आणि सीट दोन्ही हातांत धरून अशी पिरगाळली की ती नळीसकट हातात आली.

"आता कसं," काका म्हणाले.

आजोबांनी काम सुरू केलं. मामा सीट थोपटायचे, मी कागद ठेवायची, काका दांडा ओढायचे. दांडा करकरायचा, वरची जाड पाटी खाली यायची, कागदावर दाबली जायची, पुन्हा वर जायची. पहिलं हँडबिल फिकट आलं, दुसरं बरं, तिसरं छान. काकांनी ते दोन्ही हातांत धरून दारापर्यंत नेलं.

"वाचून दाखवा," काकू आतून म्हणाल्या.

"भव्य उद्घाटन," काका म्हणाले. 

"उरलेलं?"

"उरलेलं छापतोय."

गठ्ठा वाढत गेला. काका दर ओढीला एकेक शतक पुढे सरकत होते. लाकडी दाबा झाला, लोखंडी झाला, कोणत्या देशात कोणी काय बदललं ते झालं. सायकलवाला आता मान डोलवत होता. आणि मग खट्ट असा आवाज आला. दांडा काकांच्या हातात सैल झाला. वरची पाटी हलली नाही. दांड्याच्या मुळातली पिन तुटून फरशीवर पडली होती.

 काकांनी पिन उचलून जिभेला लावली. कशासाठी ते मला आजवर कळलेलं नाही.

सायकलवाला बिनसीटच्या सायकलवरून, उभ्यानंच पॅडल मारत, फिटरकडे गेला. परत आला तो हात हलवत. "पान्हे पूजेला लावल्यात म्हनला. उद्या या." मग लोहाराकडे गेला. लोहाराच्या ऐरणीवर नारळ होता. मग सुताराकडे. सुतारानं करवतीला साष्टांग नमस्कार घातला होता आणि तो अजून उठायचा होता. अख्ख्या गावात पिन ठोकून द्यायला एक हातोडी मोकळी नव्हती.

"मग आता दवंडी पिटा," काकू दारातून म्हणाल्या. "इतिहासात अजून थोडं मागे गेलात की तीच येते."

काकांना टोमणा कळला नाही. ते विचारात होते. "यंत्राच्या आधी," ते पुटपुटले, "नुसतं घासायचे." आणि उठून स्वयंपाकघरात गेले, ते काकूंचं लाटणं घेऊन आले. मी अक्षरांची चौकट जमिनीवर आणून ठेवली. काकांनी कागद अंथरला आणि त्यावरून लाटणं फिरवलं. कागद सरकला. "भव्य उद्घाटन" दोनदा उमटलं, एकावर एक, जत्रेतल्या गर्दीसारखं. दुसरा कागद फाटला. तिसरा लाटण्याला चिकटून गोल फिरला.

सायकलवाला भिंतीला टेकून खाली बसला. बाहेर उन्हं उतरायला लागली होती. बाजार भरत आला होता. काकांच्या हातात लाटणं होतं आणि ते आजोबांकडे बघत होते.  

"माझं लाटणं!" काकू बाहेर आल्या. शाईनं काळं झालेलं लाटणं बघून त्यांनी कपाळाला हात लावला. मग खाली फाटलेल्या कागदांकडे बघितलं, भिंतीशी बसलेल्या माणसाकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "पोरी, आतून पाट आण. आणि घोंगडीची घडी."

"पाट पूजेत नाही?" काकांनी विचारलं.

"पाट, पोळपाट, विळी, मी, यांतलं काही पूजेत नाही," काकू म्हणाल्या. "लावलं असतं तर सकाळी जेवला असतात का? सरका."

मी शाई लावून कागद ठेवला. काकूंनी त्यावर घोंगडीची घडी घातली, घडीवर पाट ठेवला, पदर खोचला आणि पाटावर बसल्या. नुसत्या बसल्या, काही विशेष नाही. मग उठल्या. मी कागद उचलला.

स्वच्छ, काळाभोर, सगळीकडे सारखा. योहानमामांनी तो उजेडात धरला. "वयनी," ते म्हणाले, "आसं काम सूनबाईनंबी कवा दिलं न्हाई."

"बोलत बसू नका. पुढचा ठेवा."

मग जे सुरू झालं ते मी पुन्हा कुठे बघितलं नाही. मामा सीट थोपटायचे, मी कागद ठेवायची, काकू बसायच्या. एकीकडे लसूण सोलत होत्या. मामा म्हणायचे, "उठा." काकू उठायच्या. मामा म्हणायचे, "बसा." मध्येच म्हणाले, "डावीकडं जरा फिकं येतंय वयनी, इकडं सरका थोडं." काकू सरकल्या. पुन्हा सगळीकडे सारखं. गल्लीतल्या बायका खिडकीशी जमल्या. एकीनं विचारलं, "काय चाललंय हो?"

"उद्घाटन," काकू म्हणाल्या आणि बसल्या.

काका कोपऱ्यात उभे होते. त्यांनी भिंग काढलं. आजोबांनी छापलेलं एक हँडबिल आणि काकूंनी छापलेलं एक, अशी दोन घेऊन ते खूप वेळ बघत राहिले. इतिहास सांगितला नाही. बाजार फुटायच्या आत सायकलवाला गठ्ठा काखेत मारून, सीट हँडलला अडकवून, उभ्यानं पॅडल मारत गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानापुढे इतकी गर्दी झाली की फुकट हवा भरून भरून त्याचा पंप बिघडला.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी भंगारवाला हातगाडी आणि दोन माणसं घेऊन आला. काकांनी सकाळीच आजोबांना पुसून ठेवलं होतं. मामांची टोपीही काढून ठेवली होती.

"न्या," काका म्हणाले. "बोलणं झालं होतं. अख्खं काम त्याच्याकडून झालं नाही. अर्ध्यावर थांबलं." मी भिंगातूनही बघितलंय, असं ते म्हणाले, पण ते भंगारवाल्याला कळण्यासारखं नव्हतं. मग ते दाराकडे पाठ करून उभे राहिले.

माणसांनी बाह्या सारल्या आणि आजोबांना हात घातला.

"थांबा," काकू म्हणाल्या.

भंगारवाला वैतागला. "वयनी, तुमीच तर बोलीवलं. गाडीचं भाडं दिऊन आलोय आमी."

"बोलावलं होतं. आता नाही म्हणते." काकूंनी कंबरेवर हात ठेवले. "हे इथून हललं की पुढच्या खंडेनवमीला कुणीतरी येईल, हे म्हणतील, सगळं पूजेत आहे, पण काळजी करू नका, आमच्याकडे एक आहे. आणि मला पाट देतील. नकोच ते. राहू दे हे इथेच. आणि जाता जाता त्या फिटरला म्हणावं, पिन बसवून जा."

काका वळले. तोंड उघडलं.

"तुम्ही एक शब्द बोलायचा नाही," काकू म्हणाल्या.

 भंगारवाला मोकळी गाडी घेऊन, गाडीच्या भाड्याबद्दल बडबडत गेला. पण खोलीत तीन यंत्रं मावत नव्हती हे काही बदललं नव्हतं, आणि पुण्याचं मशीन दिवाळीनंतर येणारच होतं. ते आलं त्या दिवशी काकूंनी सुतळी घेऊन खोली मोजली. एकदा आडवी, एकदा उभी. ट्रेडल बघितलं, हँडप्रेस बघितला, मधोमध ऐसपैस मांडलेलं काकांचं टेबल, खुर्ची आणि गिऱ्हाइकाचा बाक बघितला. मग सुतळी गुंडाळत, त्या टेबलखुर्चीकडे बोट करून हमालांना म्हणाल्या, "इथे न चालणारं एवढंच आहे. हे बाहेरच्या ओट्यावर न्या."